शेंडेफळ आणि नुकसानभरपाई

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज विचारायला बसलेय की कोर्टात तू तसं का बोललीस. तुझं नसबंदीचं ऑपरेशन झाल्यावर मी झाले, म्हणून बाबांनी दावा लावला होता. मला कडेवर घेऊन तू ढोकीहून एसटीनं धाराशिवला जायचीस. हे मूल नको होतं एवढंच सांगायचं, असं वकिलांनी तुला पढवून ठेवलं होतं. पण समोरच्या वकिलानं ही कोण म्हणून सहज विचारलं आणि तू पदर सावरत म्हणालीस, "हे आमचं शेंडेफळ हाय, साहेब."

"फळ म्हणता, मग नुकसान कसलं?" तो म्हणाला आणि सगळं कोर्ट हसलं. दावा फेटाळला गेला. बाबा तेव्हा तुझ्यावर लई धुमसले, पुढं मात्र पाहुणे आले की तोच किस्सा रंगवून सांगायचे. मी हसायचे. तू चहा गाळत राहायचीस. तुझी जीभ घसरली, की मी ऐकतेय म्हणून 'नको' म्हणवलं नाही तुला? मला अजून कळत नाही.

आता माझी पाळी आलीय. म्हणजे खरं तर आली नाही, तिथूनच घोळ सुरू झाला. दोन मुलींवर उमरग्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं होतं. दिवस चुकले तशी तिथल्याच डॉक्टरांकडं गेले, तर त्यांनी तपासायच्या आधीच, ऑपरेशन झालंय, गॅसेस असतील म्हणून गोळ्या दिल्या. कळलं तेव्हा ते पोटात लाथा मारत होतं. तिसरं मूल म्हणजे माझ्या शाळेतल्या नोकरीवर गदा. चूक त्यांची आहे, दावा मी लावणारच. वकीलबाई भल्या आहेत. त्या एवढंच म्हणतात, "मॅडम, जबाबात लाडाचा एक शब्द यायला नको." मग मी घरी घोकते, नको होतं, नको होतं. ते खरंही आहे. तरी घोकताना माझा आवाज आपोआप का उतरतो? माझं मलाच समजेना झालंय.

परवा सकाळपासून ते हललं नाही. वकीलबाईंकडं जबाब द्यायला निघाले होते. अर्ध्या वाटेत रिक्षा वळवायला लावली आणि ज्यांच्यावर दावा करायचाय त्याच डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिले. ठोके ऐकू आले तशी त्यांच्यासमोरच ढसाढसा रडले. हे वकीलबाईंना सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय, तुला आता साक्षीला कुणी बोलवायचं नाही.