गाळा बघायला येणारी माणसं

चांदवड,
१२ नोव्हेंबर २००३

प्रिय उज्वला,

घरात फोन असताना अक्काला पत्र लिहायची कुठली हौस आली, असं तुला वाटेल. फोनवर तू आधीच "बोल पटकन, कुकर लावलाय" म्हणतेस. मग बोलायचं राहतं बाजूला आणि मी कांद्याचा भाव सांगून रिसीव्हर ठेवते. पत्राला कुकर नसतो. दुपारची जरा आडवी झालीस की वाच.

आपल्या गाळ्याला बोर्ड लावून आता दुसरी दिवाळी गेली. नाना गेल्यावर तू म्हणालीस, विकून टाक आणि ये नाशिकला, म्हणून मी कोंडाजींना सांगितलं. तुला आठवत असतील, नानांच्या दुकानात पान चघळत बसायचे ते. आता जागांची दलाली करतात. त्यांनीच पेंटर आणून लिहून घेतलं, 'बहुउपयोगी व्यापारी जागा विकणे आहे'. मी विचारलं, बहुउपयोगी म्हणजे काय हो? तर म्हणाले, "जो येईल त्याला ती त्याच्याच कामाची वाटली पायजे ताई, म्हंजे झालं." तसं ते खोटं नाही. नानांनी तिथे कापड विकलं. कापडाचा धंदा बसल्यावर मी एसटीडी बूथ चालवला. पुढे गल्लोगल्ली बूथ झाले आणि माझाही बसला. मग काही दिवस एक पतसंस्था होती, आणि एका निवडणुकीत तर तिथे पक्षाचं कार्यालय होतं, तेव्हा घोषणांनी माझं डोकं उठायचं. खाली एवढं सगळं होऊन गेलं, मी मात्र वरच्या दोन खोल्यांत होते तिथेच राहिले.

बघायला माणसं येतात, उज्वला, खूप येतात. रेणुकामातेच्या दर्शनाला हायवेवर थांबलेलीसुद्धा बोर्ड वाचून आत वळतात. एकाला रंगमहाल बघायला येणाऱ्यांसाठी लॉज काढायचं होतं. एका डॉक्टरला दवाखाना टाकायचा होता, पिंपळगावच्या हिरामणशेठना द्राक्षाच्या खोक्यांचं गोदाम करायचं होतं आणि एकाला चक्क मंगल कार्यालय. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "मालक कुठे आहेत?" मी म्हणते, बसा, पोहे खाईपर्यंत येतील. पोहे खाऊन झाले की सांगते, मीच मालक. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. कोंडाजी मात्र वैतागतात. "ताई, ते पोहे बंद करा. गिऱ्हाइकाला वाटतं, बाईला लय घाई हाय, आन मंग ते भाव पाडतं." मी हो म्हणते आणि पुढच्या वेळी लिंबू जास्त पिळते.

घाई कसली आलीय. उलट मीच खोडा घालते. डॉक्टरला सांगितलं, राहुड घाटातून उतरणाऱ्या ट्रकांच्या ब्रेकने तुमचा पेशंट खाटेवरून खाली पडेल. मंगल कार्यालयवाल्याला मधला खांब दाखवला आणि म्हटलं, नवरानवरीला होमाऐवजी यालाच फेरे घालावे लागतील. हिरामणशेठना भिंतीची ओल दाखवली. लॉजवाला फारच चिवट निघाला, तेव्हा त्याला मागच्या मोरीत निघालेल्या सापाची गोष्ट सांगितली. साप नव्हता गं, धामण होती, आणि तीही नाना असताना निघाली होती.

हसशील, पण मला सारखे ते जुने दिवस आठवतात. मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा वरच्या खोल्यांत मावायचे नाहीत, म्हणून नाना दुपारी दुकान बंद करून त्यांना खाली कापडाच्या गाद्यांवर बसवायचे. तू कपाटाआड लपून फिदीफिदी हसायचीस. मुलगी जरा जास्तच उंच आहे, असं काहीजण कळवायचे. बाकीचे काहीच कळवायचे नाहीत, आणि नाना दोन-तीन आठवडे पोस्टमनकडे बघत राहायचे. तेव्हा खोट ते काढायचे, आता त्याच जागेत बसून मी काढते. फिटंफाट झाली म्हणावं तर तसं काही वाटत नाही. तेव्हा मला त्या पाहुण्यांची धास्ती वाटायची. आता कोणी येतंय का म्हणून मीच गॅलरीत उभी असते.

कारण ही माणसं बसतात गं. पाणी कधी येतं, शेजार कसा आहे, थंडी किती पडते, सगळं विचारतात आणि मी सांगते. मनमाडहून आलेल्या एका बाईने विचारलं, एकट्याच राहता का, आणि जरा वेळ माझा हात हातात धरून बसली. जागा तिला पसंत पडली नाही, पण ती गेल्यावर कितीतरी दिवस मला बरं वाटत होतं. एरवी दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, किराणा दुकानातला माणूस यादी वाचून सामान बांधून देतो. सकाळपासून आपण तोंड उघडलेलं नाही, हे मला संध्याकाळी दिवा लावताना घसा खाकरला की कळतं. फार एकटं वाटतं, उज्वला. हे फोनवर कधी सांगता आलं नसतं.

मग तुझ्याकडे का येत नाही, म्हणशील. गेल्या उन्हाळ्यात आले होते की. तुम्ही काही कमी केलं नाहीत, जावईबापूंनी तर माझ्यासाठी मुद्दाम हापूस आणला. पण हॉलमधल्या दिवाणावर झोपणाऱ्याला सगळ्यांचा टीव्ही आवरेपर्यंत झोप आलेली चालत नाही, आणि मी भांडी घासायला घेतली की तू हातातून काढून घ्यायचीस. तुझ्या घरी मी कायमची पाहुणी होईन. इथे निदान पाहुणे माझ्याकडे येतात.

आणि आता खरी पंचाईत झालीय. परवा कोंडाजींनी पंचवटीतलं एक जोडपं आणलं, अमित आणि तृप्ती. मेडिकल टाकायचंय त्यांना. ट्रकांचं सांगितलं तर म्हणाले, मावशी, आमच्या घराखाली भाजीबाजार भरतो, आवाजाशिवाय आम्हाला झोप येत नाही. खांब दाखवला तर म्हणे त्याला टेकून फ्रीज ठेवू. ओलीवर त्यांनी लोखंडी मांडण्यांचा उपाय काढला, आणि सापाचं सांगितलं तर पोरगा म्हणाला, औषधांचंच दुकान आहे मावशी, तेही औषध ठेवू. तृप्तीने पोहे मागून घेतले आणि माझं न ऐकता बशा धुऊन ठेवल्या. चांगली पोरं आहेत. भाव मान्य, वरच्या खोल्यांसह सगळं मान्य, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी विसार घेऊन येणार. कोंडाजींनी जाताना बजावलं, "आता नाय म्हणलात तर माझा रामराम. गावात लोक हसाया लागलेत, पुन्यांदा मी माणूस आणायचा नाय." म्हणजे हो म्हटलं तर घर जातं, आणि नाही म्हटलं तर माणसं यायची बंद होतात. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

शेजारच्या लंकाबाईचं तुला ठाऊक नसेल. माहेरच्या घरामागच्या बोळावरून तिची आणि दोन भावांची कोर्टात केस चालू आहे. पूर्वी हे भाऊ भाऊबीजेलासुद्धा फिरकत नसत. आता प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी गावाकडून येतात, तिच्याकडेच मुक्काम करतात, तिच्याच हातची भाकरी खातात, सकाळी तिघं मिळून एकाच रिक्षाने कोर्टात जातात आणि परत येतानाही भांडत येतात. मला तिचा हेवा वाटतो. नाशिक काही परदेश नाही, दिवसभर एसट्या धावत असतात, तरी नानांच्या वर्षश्राद्धाला येऊन तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस ती गेलीसच. तुला दोष देत नाही, तुझ्यामागे संसार आहे. नुसतं भेटायला ये म्हटलं की कुणालाच सवड होत नाही. भांडायला मात्र माणूस रजा काढून येतो. गाळ्याच्या उताऱ्यावर नानांनी आपल्या दोघींची नावं लावलीत आणि तुझ्या सहीवाचून तो विकता येत नाही. म्हणून हे पत्र. सही देऊ नकोस. अक्काने परस्पर व्यवहार केला म्हणून हरकत घे, कोंडाजींना तसं खरमरीत कळव, गावात खुशाल बोभाटा होऊ दे. त्या पोरांना मी स्वतः स्टँडजवळचा रिकामा गाळा दाखवीन, त्यांचं अडणार नाही. तू फक्त गुरुवारच्या आधी भांडायला ये. चार कपडे जास्त घेऊन ये, आणि एका दिवसात मिटेल असं भांडू नकोस.

तुझीच,
अक्का