तुकाईचा उजाळा

१० सप्टेंबर २०२५, बुधवार
घाम सुटलाय. एसीत बसून!
बँकेत आज ट्रेनिंग होतं. जुन्या कलावस्तूंवर कर्ज देताना काय तपासायचं, ते. शिकवायला मिस्टर क्वेक, जुन्या मूर्तींचे जाणकार. म्हणाले, शंभर वर्षांवरची मूर्ती भारतातून अशी कुणालाही बाहेर नेता येत नाही. स्वतःच्या देवघरातली असली तरी! तुरुंगसुद्धा होऊ शकतो.
आणि मी? सासूबाई गेल्या तेव्हा कराडहून आमची कुलदेवी तुकाई स्वेटरात गुंडाळून हँडबॅगेतून इकडे परदेशात आणली. दोन-अडीचशे वर्षांची पितळी मूर्ती. एअरपोर्टवरच्या सिक्युरिटीवाल्यानं तर नमस्कार करून सोडली होती!
म्हणजे मी स्मगलर. ती पण बँकेत सगळे नियम पाळतात ना ते बघणाऱ्या कम्प्लायन्समध्ये बसणारी!

११ सप्टेंबर
संजीवला सांगितलं. वाटलं, नेहमीसारखी चेष्टा करेल. तर नवरा पांढराफटक! "विनीता, कुणाला दाखवायची नाही. घरचे देव काय चव्हाट्यावर मांडायचे?" दसरा कधी आहे हेही ज्याला मला सांगावं लागतं, तो हे बोलतोय! माझ्याच काळजीनं असेल.
गार्गी फोनमधून डोकं वर न काढता इथल्या पोरांच्या भाषेत म्हणाली, "जस्ट गिव्ह बॅक लाह, ममा." कार्टीला सगळंच सोपं.

१३ सप्टेंबर
तुकाईची पूजा कशीबशी उरकली. तिच्याकडे बघवेना.
आणि किती देखणी दिसते! सासूबाईंनी रोज हळद-कुंकू लावून लावून तिचं नाक पार झिजवलं होतं. आधीच्या सेंगकांगच्या छोट्या घरात असताना संजीवनं पुण्याला तांबटाकडे नेऊन तिला उजाळा देऊन आणला, तेव्हापासून नाक कसं तरतरीत! त्याच वर्षी हा ईस्ट कोस्टचा कॉन्डो, समुद्रासमोरचा महागडा फ्लॅट, झाला. सगळी तिचीच कृपा. आणि मी तिला चोरून आणलेली!

१६ सप्टेंबर
ठरलं. परत करायची. रडले खूप. पण रोज चोरट्यासारखी पूजा करवत नाही. क्वेकना सगळं सांगितलं. शनिवारी घरी येतात. नवरात्राआधी काय तो सोक्षमोक्ष.
संजीव न जेवताच उठला.

२० सप्टेंबर, शनिवार
क्वेक आले. हातमोजे घालून तुकाई उचलली, उलटी केली, टॉर्च मारला.
"मॅडम, रिलॅक्स. ही नक्कल आहे. चार-पाच वर्षांपूर्वीची. तळाला ग्राइंडरचे ओरखडे दिसतायत. हिच्यावर कसलीच बंदी नाही."
मला हसूच फुटलं. संजीव म्हणाला, "सुटलीस!" आणि धावत जाऊन क्वेकसाठी कॉफी करून आणली. यानं कधी कुणासाठी कॉफी केली?
संध्याकाळी हळद लावताना बोट तिच्या नाकाशी थांबलं. उजाळ्यानं पितळ चकाकतं. झिजलेलं नाक परत कसं उगवेल?

२२ सप्टेंबर, घटस्थापना
"उजाळा कुठल्या तांबटाकडे दिला होतास?" विचारलं.
संजीवनं बाल्कनीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "कॉन्डोला कमी पडत होते गं." पुण्याहून नुसती नक्कल करून आणली होती. खरी नेलीच नव्हती, ती इथल्याच एका दलालाला विकली. त्यानं पुढे कुणाला विकली, याला माहीत नाही!
म्हणजे खरी माझ्याच हँडबॅगेतून आली होती, मी सुटलेच नव्हते.
सगळं सांगून खरीचा माग काढायला क्वेकना फोन लावला. संजीव म्हणत राहिला, "ठेव! विनीता, ठेव तो फोन!"
ठेवला नाही.