तणसावरची उडी

मुर्री, मंगळवार

प्रिय दुर्गाताई,

फोनवर तू नेहमी 'बरी आहे' असंच म्हणतेस, म्हणून तब्येतीचं विचारत नाही. काल संध्याकाळी फोन केला तो खरं तर हेच सगळं सांगायला. पण तुझ्यामागून भाऊजींचा आवाज आला आणि मी धान कापून झाला का, एवढंच विचारून ठेवून दिला. काही गोष्टी फोनवर बोलल्या की घरभर होतात. पत्र तू एकटी वाचशील.

आधी तुझ्या अंजूची खुशाली. आमच्याकडे शिकायला राहिल्यापासून ती उंच झाली आहे. शाळेचा फ्रॉक आईनं खालची दुमड दोनदा सोडून लांब केला. गणितात बरी, हिंदीत माझ्याहून चांगली, आणि भाकरी मात्र अजून नकाशासारखी थापते. आई तिला म्हणते, "सासू हाकलून देईल व तुले." त्यावर तिचं उत्तर असतं, "मंग मी पयलेच निघून येईन, आजी." आई रागावते आणि मग तोंड फिरवून हसते. माझ्या शाळेच्या व्हॉलीबॉलच्या टीममध्ये अंजू सगळ्यांत लहान, पण मागच्या ओळीत तिच्याइतके बॉल कुणी उचलत नाही. बॉल कुठे पडणार हे तिला बाकीच्यांच्या आधी कळतं. मारणारी मुलगी हात मागे घेते तेव्हा इतर पोरी बॉलकडे बघत राहतात. ही खांद्याकडे बघते आणि चालू लागते. हे मी तिला शिकवलेलं नाही.

मी काय शिकवते ते तुला सांगते, कारण त्यात थोडे बाबा आहेत आणि थोडी माझी भीती. सकाळी मुली येण्याआधी मी मैदान झाडते. खडा, काच, बाभळीचा काटा, एकेक वेचते. मग मुलींना वाकून उभं करते, वजन पुढे, टाचा किंचित वर, दोन्ही मनगटं जोडलेली. जागेवरून न हलता घ्यायचे बॉल, मग एक पाऊल टाकून घ्यायचे, आणि सगळ्यांत शेवटी जमिनीवर जाऊन घ्यायचे. खांद्यावरून लोळायचं, कोपर पोटाशी, हनुवटी वर, हे मी इतक्या वेळा सांगते की आमची शूटर अल्का परवा म्हणाली, "मॅडम, गिरते हम हैं और आँख आप बंद कर लेते हो." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ती खोटं बोलली नव्हती.

बाबांचं शिकवणं तुला आठवत असेलच. मला तर अ आ पण त्यांनीच शिकवलं, खळ्यावरच, काडीनं मातीत काढून. मळणी झाली की ते धानाचं तणस जाड पसरायचे, एका टोकाला तुला उभं करायचे आणि बैलगाडीवर चढून वरून बॉल मारायचे. मी बाजूला बसून बॉल गोळा करायची. तू थांबलीस की ओरडायचे, "भुई कोनाले खात नाही व पोरी, पड!" आणि तू पडायचीस. उजवं कोपर पुढे टाकून, आख्खं अंग सोडून द्यायचीस. तणस तुला झेलून घ्यायचं. बॉल वर जायचा आणि तू केसांत काड्या घेऊन उठायचीस, हसत. आपल्याकडे दुसरं मैदान नव्हतं आणि बाबांनाही दुसरं ठाऊक नव्हतं. ते स्वतः असेच शिकले होते. गावोगावच्या सामन्यांत मातीवर खेळले, आणि तीही पाणी मारून मऊ केलेली.

मागच्या महिन्यात मुली अंग चोरत होत्या तेव्हा माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं. भुई कोनाले खात नाही. अगदी त्यांच्याच आवाजात, त्याच हेलात. मुलींना काहीच वाटलं नाही, त्या पडल्या, उठल्या. मी मात्र शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि पाणी प्यायचं निमित्त करून मैदानालगतच्या बुद्धविहाराच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले. तेव्हापासून तो आवाज जात नाही. खडे वेचताना असतो, वर्गात हजेरी घेताना असतो.

गोंदियातल्या त्या शाळेतला सिमेंटचा कोर्ट मी दहा वर्षांची असताना, तुझ्या सामन्याला आले तेव्हा पाहिला. तूही पहिल्यांदाच पाहत होतीस. किती गुळगुळीत आहे म्हणून तू चप्पल काढून त्यावर चालून बघितलंस. त्या सामन्यात डाव्या कोपऱ्यात बॉल आला आणि तू गेलीस, नेहमीसारखी, कोपर पुढे टाकून. बॉल उचलला गेला ताई. खूप उंच गेला. सगळ्यांनी बॉल पाहिला, टाळ्या वाजल्या, लिफ्टरनं पुढचा हात लावला, आपल्या बाजूला पॉइंटही मिळाला. तुझ्याकडे फक्त बाबा बघत होते. मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. सुकलेली काटकी गुडघ्यावर मोडावी तसं. मला अजूनही ते कुठेही ऐकू येतं, चुलीजवळसुद्धा.

पुढचं आपल्या घरात कुणी बोललंच नाही. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, हात वाकडाच जुळला. तुला पाहायला भाऊजींकडचे आले तेव्हा आईनं सांगितलं, धानाच्या गाडीवरून पडली. पोरगी चड्डी घालून गावापुढं बॉल खेळत होती म्हटलं असतं तर ते चहा न पिता उठले असते, असं आईला वाटलं. मला तिनं नुसतं डोळ्यांनी गप्प केलं. बाबांनी बॉलमधली हवा काढली आणि तो माळ्यावर टाकला. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याजवळ होते, हे तुला माहीत आहे. ताप चढला की ते एकच विचारायचे, "दुर्गी उठली का व?" मी सांगायची, उठली बाबा, आमगावला सासरी आहे, मजेत आहे. थोड्या वेळानं पुन्हा तेच. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण पुढचं त्याशिवाय सांगता येत नाही.

अंजूला मी लोळायला शिकवलं. सांगून बॉल टाकला की ती अगदी बरोबर लोळते, कोपर पोटाशी घेऊन. पण खेळ रंगात आला, बॉल जोरात डाव्या कोपऱ्यात गेला, की ती लोळत नाही. ती उडी घेते. उजवं कोपर पुढे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली शिट्टी पडली. मैदान मऊ मातीचं होतं म्हणून निभावलं, नुसतं खरचटलं. मी विचारलं, "हे कोनं शिकवलं तुले?" म्हणाली, "कोनी नाही मावशी, असंच." आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली. मी ओरडले नाही. खोबरेल तेल लावून दिलं. मग एका रविवारी केस विंचरून देताना तिनं आपणहून सांगितलं, "दिवाळीत बाबा बाजारात गेले का आई तनसावर बॉल फेकते. डाव्या हातानं. कोनाले सांगजो नोको म्हनते."

ताई, मला राग यायला हवा होता. पण मी वेणी घालत राहिले आणि मला दिसत होतं, तू पदर खोचून उभी आहेस, डाव्या हातानं बॉल मारते आहेस, आणि समोर तुझी पोर हसत पडते आहे. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल इतकी सुखाची गोष्ट मी ऐकली नव्हती. खांद्याकडे बघणं तू तिला दिलंस. ते मला कधी देता आलं नसतं. तू तिला सगळं दिलंस, फक्त खाली काय असतं ते सांगितलं नाहीस.

जिल्ह्याच्या टीमची निवड पुढच्या रविवारी आहे. मी जागा बघून आले. सिमेंट आहे. मी अंजूला म्हटलं, तिथं उडी घ्यायची नाही, नाही तर मी तुला उतरवणारच नाही. तिनं विचारलं, "काऊन?" मी म्हटलं, लागतं. ती म्हणाली, "आईले तर नाही लागलं. आई म्हनते, भुई कोनाले खात नाही." तिला वाटतं तुझा हात गाडीवरून पडून वाकडा झाला. मी नियम सांगते आणि तू करून दाखवतेस. पोर कुणाचं ऐकेल?

आईला विचारलं. ती म्हणाली, "कायले उकरून राहिली व? तिचा संसार चालू आहे ना?" तिचंही खोटं नाही. अंजूला कळलं की भाऊजींना कळणार, त्यांच्या आईला कळणार, आणि लग्नात खोटं बोललो हे बाहेर येणार. कदाचित अंजूचं खेळणंच बंद करतील. रोज मी यावर विचार केला. तिला निवडीला नेलंच नाही तर कुणाचं काही बिघडत नाही, असंही मनाला समजावून पाहिलं. पण मग तिला काय सांगू? आणखी एक गाडी शोधू का?

म्हणून हे पत्र. आमच्याआधी ते तुझ्या हातात पडावं म्हणून आजच टाकते. शनिवारी शाळा सुटली की मी अंजूला घेऊन आमगावला येते आहे. भाऊजी घरी असले तरी येते. तिला ओसरीवर बसव, बाही वर कर आणि तुझं कोपर तिच्या हातात दे. काय झालं होतं ते तुझ्या तोंडून सांग. उचललेला बॉल किती उंच गेला होता तेही सांग, ते वगळू नको. भाऊजींनी काही विचारलं तर मी तुझ्या शेजारी बसलेली असेन, आणि या वेळी मी गप्प राहणार नाही. तुला बोलणं नाहीच जमलं, तर मी तिला तुझ्यासमोर सांगेन. तेव्हा माझ्यावर रागव, पण मला अडवू नको.

तुझीच
रश्मी