फेसाळलेली कुपी

मॅडिसन, मंगळवार

प्रिय आई,

मी बरा आहे, जेवतोही वेळेवर. मेपलच्या झाडांतून रस गळायला लागला का? बाबांना एकट्याने रसाच्या बादल्या उचलू देऊ नकोस.

काल मात्र नोकरी गेलीच असं वाटलं. माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेट या कणांवर असणारं एक प्रथिन आम्ही प्रयोगशाळेत दुसऱ्या पेशींमध्ये बनवून संशोधकांना पाठवतो. तपासणीसाठी त्याची भुकटी पाण्यात हलक्या हाताने विरघळवायची असते. मी कुपी औषधाच्या बाटलीसारखी खळखळा हलवली. फेस आला, प्रथिन वाया गेलं.

मी स्वतःच आमच्या प्रमुख सोल्वेगबाईंना सांगितलं.

"अरे वेंडेल, लोणी काढत होतास का?" त्या म्हणाल्या. "आता सोमवारी कामावर येणाऱ्या नव्या मुलीला हे तूच शिकव. काय करायचं नाही, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

तिने डॉक्टरेट मिळवली आहे, आई, आणि माझी शाळाही पुरी नाही. रिकाम्या कुपीत पाणी घालून सराव करतोय.

दोघांना खूप प्रेम,
तुझा वेंडेल