चिंचेच्या ठिगळाचा रंधा

बाबा, तुमचा रंधा सापडला. अकोल्यात, जुन्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानात. तुम्ही गेल्यावर काकांनी हत्यारांचं पोतं भंगारवाल्याला देऊन टाकलं, तेव्हापासून कुठे लाकडी रंधा दिसला की मी तो उलटा करून बघत आले. त्या दुकानात ओळीने मांडले होते. बहुतेक नवेच, काळं पॉलिश चोपडून जुने केलेले. रंध्याचं वय बुडावर बघायचं, हे तुमचंच सांगणं. कामातल्या रंध्याचं बूड तोंडाजवळ झिजतं आणि हात टेकतो तिथलं लाकूड काचेसारखं होतं. यांची बुडं कोरडी, सपाट. शेवटचा उचलला तर अंगठ्याचा खळगा उलट्या बाजूला, तुमच्यासारख्या डावखुऱ्याचा. तोंडापुढे चिंचेच्या लाकडाचं ठिगळ. दुकानदार म्हणाला, "शो-पीस हाय ताई, भिंतीवर मस्त दिसते." मी तो सांगेल तेवढे पैसे मोजले आणि रंधा पिशवीत घातला.

ते ठिगळ बसवलंत तो दिवस मला स्वच्छ आठवतो. झिजून तोंड रुंद झालं होतं, लाकूड सोलायच्या ऐवजी उचकटत होतं. तुम्ही रंध्याच्या शिसमात खाच घेऊन चिंचेचा तुकडा ठोकून बसवता, तोंड पुन्हा बारीक करता आणि रंधा माझ्या हातात देता. मी दातओठ खाऊन रेटते. तुम्ही म्हणता, "जोर काहून लावून राहिली वं? आंग पुढं ने, हात आपोआप येतात." मी दोनचार हात मारते तोच आतून, चुलीपुढून, आईचा आवाज येतो, "अवो, पातं बोथट झालं तुमचं! आयकू नाही येत का?" तुम्ही पाचर सैल करता, पातं काढून अंगठ्यावर बघता आणि हसता. खरंच बोथट असतं. तिने आयुष्यात कधी रंधा धरला नाही, पण भाकरी थापताना तिचा एक कान तुमच्या कामाकडे असायचा.

आई आता माझ्याकडे असते, अमरावतीला. मला ओळखत नाही. घरकामाला ठेवलेली कोणी बाई समजते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, यात आता सुधारणा नाही. तरी रंधा हातात आला आणि मला वाटलं, त्याचा आवाज तरी ओळखेल. कितीतरी संध्याकाळी मी त्या पात्याचा गंज काढत, दगडावर धार लावत बसले. काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर वाकलेलं बूड घासून सरळ केलं. पाचर हरवली होती, ती बाभळीची नवी केली. मग एका रविवारी सकाळी गॅलरीत सागाची फळी बांधली, आईची खुर्ची जवळ ओढली आणि रंधा चालवला. आधी अडखळला. मागून हलके ठोके देऊन पातं थोडं वर घेतलं, आणि मग छिलका निघाला, लांब, पातळ, अखंड. बाबा, तुम्ही बघायला हवा होतात. आई रस्त्यावरच्या ऑटोंकडे बघत होती.

मग मी एक वेडेपणा केला. पातं काढलं, विटेवर घासून मुद्दाम बोथट केलं आणि पुन्हा बसवलं. रंधा कोकलायला लागला. मी तिच्या तोंडाकडे बघत हात मारत राहिले, आता ओरडेल, आता ओरडेल. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाली, "बाई, बंद कर ना वं थे. मायं डोकं दुखून राह्यलं." अगदी परक्या माणसाशी बोलावं तशी, अजिजीने. मी थांबले. तिला पाणी दिलं. गॅलरी झाडून काढली.

रंधा आता माळ्यावर आहे, तेल लावून फडक्यात बांधलेला. पुन्हा काढेन असं वाटत नाही. हे लिहिलेलं आईला वाचून दाखवावं असं मनात होतं, पण मग तुम्ही कोण, तिथपासून सांगावं लागेल.

आणि एक. आधी एक कागद लिहून झाला होता. त्यात आई खुर्चीतून ओरडली होती, पातं बोथट झालं तुमचं. तो फाडला आणि हा लिहिला.