नापास गोळ्या

१४ सप्टेंबर २००६, गुरुवार

बाबांनी आज शिरीषच्या जवळजवळ चारशे गोळ्या वितळवून टाकल्या!

फार्मसीतली ड्यूटी संपवून पाचला घरी आले, तर गॅरेजचं दार सताड उघडं. आत बाबा स्टुलावर, अंगात आईने विणलेला स्वेटर, समोर शिरीषचं शिसं वितळवायचं विजेचं भांडं. भांड्यात चकचकीत रस. शेजारी आमच्या चहाच्या ट्रेमध्ये एकतीस गोळ्या रांगेत उभ्या. काडतुसात बसवायच्या आधीच्या, नुसत्या शिशाच्या.

"या पास," म्हणाले.

आई गेल्यावर त्यांना खडकीहून इथे, पामर्स्टन नॉर्थला, आणलं त्याला तीन महिने झाले. तीन महिने जेवण, खिडकी, झोप. तीस नोव्हेंबरचं परतीचं तिकीट तेवढं उशाखाली. आणि आज कपाळावर घाम, बाह्या वर सारलेल्या! दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं गोळ्या तपासल्या त्यांनी. गॅरेजमध्ये डबाभर गोळ्या दिसल्या आणि राहवलं नाही, एवढंच.

शिरीष आला. बघितलं. इथला जून-जुलैचा अख्खा हिवाळा दर शनिवारी बसून ओतल्या होत्या बिचाऱ्याने. मला म्हणाला, "तुझ्या बाबांना विचार, काय चुकलं होतं."

बाबाही मलाच, "त्यांना सांग, बुडाची कड गोल आलीय. कड नीट नसली की मागून गॅस निसटतो. जावई आहेत म्हणून पास करायच्या का?"

दोघांत चार फुटांचं अंतर आणि मधे मी दुभाषी! अठ्ठ्याऐंशी साली आम्ही रजिस्टर लग्न केलं, जातीबाहेर, तेव्हा बाबा त्या दिवशी नेहमीसारखे कामावर निघून गेले. तेव्हापासून शिरीषशी एक थेट शब्द नाही. मी खडकीला गेले तर माझ्याशी बोलायचे— हवापाण्याचं. त्यांचा हा हट्ट मी कधी पुरता माफ केला नाही. इथे लिहायला काय हरकत आहे.

१५ सप्टेंबर

"गॅरेजमधून आल्यावर हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही" असा कागद दाराला लावला. शिसं आहे ते! ऋचाने खाली लिहिलं, "येस, मम." तिला वाचता येतं तर मराठीत!

२४ सप्टेंबर, रविवार

बाबा आज पहिल्यांदा शिरीषच्या पिस्तूल क्लबवर आले. गाडीत ऋचाला सांगत होते, की कारखान्यात भिंतीपलीकडून नुसते बार ऐकू यायचे, गोळी सुटताना कधी बघितली नाही.

"नो वे, आजोबा! थर्टी-सिक्स यर्स?"

"अगं, माझं काम भिंतीच्या अलीकडे होतं."

वारा असा, की डोंगरावरच्या पवनचक्क्या गरगरत होत्या. शिरीषच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीला तोंडाशी, वरच्या अंगाला दोन फटी आहेत. त्यांतून गॅस वर सुटतो आणि नळी खाली दाबली जाते, हाताला झटका कमी. सायकलवरून पडून मनगट मोडलं तेव्हापासून त्याला तसंच लागतं. आम्ही सगळे मागे, कानांवर मफ, डोळ्यांवर क्लबचे जाड चष्मे.

चौथ्या का पाचव्या बाराला बाबांनी एकदम मान मागे घेतली. मी धावले. चष्म्याच्या काचेवर राखाडी कण चिकटलेला, बरोबर डोळ्यासमोर! शिरीषने रिव्हॉल्व्हर रिकामं करून खाली ठेवलं आणि आला, चेहरा पांढराफटक.

"बाबा, लागलं का? बाबा?"

थेट! पण बाबांच्या कानांवर मफ. त्यांनी शांतपणे चष्मा काढला, नखाने कण उचलला, चिमटीत दाबून बघितला आणि मोठ्याने म्हणाले, "शिरीषराव, तुमचं शिसं मऊ आहे. फटीच्या कडेला तासलं जातंय."

मी दोन पावलं बाजूला झाले.

क्लबचे म्हातारे ग्रॅहम आले. फटी असलेल्या नळीतून शिशाच्या गोळ्या झाडूच नकोस असं मी सांगत होतो, तांब्याचं कवच असलेल्या विकत आण, शिरीषला म्हणाले. बाबांना 'विकत' तेवढं कळलं. अपमान झाल्यासारखा चेहरा! "शिसं कडक व्हायला अँटिमनी पाहिजे," म्हणाले. "छापखान्याचे जुने खिळे, अक्षरांचे, मिळतील का, विचारा यांना." शिरीषने विचारलं. ग्रॅहमच्या शेडमध्ये आहेत— "हीप्स ऑफ इट, मेट."

घरी येताना बाबा पुढच्या सीटवर बसले.

७ ऑक्टोबर, शनिवार

भांड्यात उलटी अक्षरं वितळतायत. मी भांडी घासता घासता ऐकत होते.

"किती घातलेत?"

"किलोला दोनशे ग्रॅम."

"अंदाजे?"

"वजन करून हो, बाबा!"

"साचा तापलाय का? गार साच्यात ओताल आणि पुन्हा बुडं गोल येतील."

"तुमच्या हाताखालच्या लोकांचं कसं व्हायचं?"

"बदली मागायचे."

शिरीष हसला. बाबासुद्धा!

चहा घेऊन गेले तर दोघं गप्प. शिरीष उगाच साचा पुसत बसला. आधी माझ्याशिवाय बोलत नव्हते, आता माझ्यासमोर बोलत नाहीत. असू दे. एवढं सुख पुष्कळ आहे.

२२ ऑक्टोबर, रविवार

काल लक्ष्मीपूजन झालं, आज क्लब. नव्या, कडक गोळ्या. सहाच्या सहा तळहाताएवढ्या जागेत! बाबांनी मागून बोटाने हवेत मोजल्या. धूर तेवढाच, पण मागे काही उडालं नाही. मग टूथपिक घेऊन दोन्ही फटी तपासल्या. "थोडं साचतंच. ते राहणार. दर वेळी साफ करत जा, शिरीषराव."

ग्रॅहमनी बाबांना विचारलं, मारून बघणार का. मला वाटलं, नाही म्हणतील. बाबा उठले, स्वेटर काढून माझ्याकडे दिला. ग्रॅहम बाजूला, शिरीष मागे, त्याचा तळवा बाबांच्या पाठीला टेकलेला. किती सावकाश नेम धरला त्यांनी! बार झाला. कागद कोरा.

"नापास, आजोबा!" ऋचा ओरडली. मराठीत!

बाबा त्या कागदाकडे बघत राहिले. "एवढासाच धक्का," म्हणाले. "मला वाटायचं, माणूस मागे फेकला जात असेल."

शिरीषचा हात अजून पाठीवरच होता. मी दुसरीकडे बघितलं.

१ नोव्हेंबर

तिकिटाला एकोणतीस दिवस.

११ नोव्हेंबर, शनिवार

जेवताना पुन्हा विषय काढला— चौथ्यांदा. खडकीला एकटे काय करणार आहात? राहा ना. व्हिसाची मुदत वाढवून मिळते, विचारून ठेवलंय मी.

"जावयाच्या घरी किती दिवस राहायचं गं, लेखा?" ठरलेलं उत्तर.

तेवढ्यात शिरीषने घास खाली ठेवला. "बाबा, मी म्हणतोय. राहा."

बाबांनी आमटी संपवली. ताटातलं मीठ बोटाने एका कडेला केलं. मग त्याच्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आधी हिला सांगा, शिरीषराव. मग बघू."

काय सांगायचं? शिरीष भात न घेताच उठला आणि लॉन कापायला गेला. परवाच कापलं होतं.

१२ नोव्हेंबर, रविवार

शिरीषने सांगितलं. सकाळी, गॅरेजमध्ये, माझ्याकडे न बघता.

लग्नानंतर दोन महिन्यांनी बाबा त्याच्या कंपनीच्या गेटवर आले होते. आईलाही न सांगता. हातात पेढ्यांचा पुडा. "चुकलं माझं, दोघं घरी चला," म्हणाले. शिरीषने त्यांना सांगितलं, की ती तुमचं तोंडही बघायला तयार नाही, पुन्हा येऊ नका. मला विचारलं नाही. नंतर कधी बोललाही नाही. "भीती वाटली मला. वाटलं, तू गेलीस की ते तुला ठेवून घेतील."

बाबा मागच्या पायरीवर उन्हात बसले होते. मी शेजारी बसले.

"मला का नाही सांगितलंत? अठरा वर्षं मी तुम्हांलाच—"

"कसं सांगणार?" म्हणाले. "ते खोटं बोलताहेत हे गेटवरच कळलं होतं मला. पण तुझा संसार दोन महिन्यांचा होता."