लोबान बंद

वादी अदाई, मस्कत
२०१७

अम्मी, सलाम.

घरात लोबान जाळणं मी बंद केलंय. नजर उतरवायला तुम्ही सांगितलंत, म्हणून जुम्मेरातीला धुरी दिली आणि तुमच्या नातीचा, मुनिबाचा, दमा उफाळला. आता ती रोज फुप्फुसांचा जोर मोजणाऱ्या मीटरमध्ये फुंकते, आकडा मोबाईलवरून डॉक्टरांकडे जातो, आणि पंप किती घ्यायचा ते तेच कळवतात. पंपाची सवय लागते म्हणता? लागू दे. श्वास घ्यायचीही सवय आहेच तिला.

काल फोनवर तुम्हालाच धाप लागत होती. तिकडेही धुरी पेटलेली असणार. हे पत्र मी टाकणार नाही, सुट्टीत येऊन तोंडावरच सांगेन. तुमच्यासाठी दुसरा मीटर घेतलाय. फुंकायला मुनिबा शिकवेल. तिला नाही म्हणून दाखवा.

तुमची हट्टी सून,
अंबरीन